आमच्या गावाचा नंबर

माझी भाची पुण्यास नियोजन शिकते. शहरे आणि खेडी कशी वसवावीत, रस्ते कुठून काढावेत, पाणी कुठून आणावे आणि घाण कुठे न्यावी, याचे हे शास्त्र. त्याची चार वर्षांची पदवी असते हे जेव्हा मी जेऊरच्या पारावर सांगितले, तेव्हा एकाने अत्यंत गंभीरपणे विचारले होते, "मंजी ग्रामसेवकच की!" मी भाचीला हे कळवले नाही.

तर २०२४ सालच्या मे महिन्याच्या शेवटी तिचा फोन आला. "मामा, आम्ही चौघे येतोय. तीन दिवस राहू. उजनीच्या पुनर्वसित गावांवर निबंध करायचा आहे. थंडीत आमचे अधिवेशन आहे, तिथे वाचायचा."

हे अधिवेशन म्हणजे देशभरच्या नियोजनाच्या विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळा. त्यांची एक अखिल भारतीय संघटनाही आहे, नॉसप्लॅन नावाची. दर वर्षी कुठल्या तरी नियोजन-विद्यालयात सगळे जमतात, निबंध वाचतात, नकाशे मांडतात, भांडतात आणि रात्री नाचतातही, असे कळते. नाचण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निबंधाचा विषय ऐकून मी जरा थबकलो. कारण पुनर्वसित गाव म्हणजे आमचेच गाव.

जेऊर म्हणजे कोणते जेऊर, हे आधी सांगितलेले बरे. सोलापूर जिल्ह्यात जेऊर दोन आहेत. एक अक्कलकोट तालुक्यात आणि एक आमच्या करमाळा तालुक्यात. शिवाय नगरकडे जेऊर बायजाबाई आहे ते वेगळेच. आमच्या जेऊरची ओळख म्हणजे रेल्वेचे स्टेशन. करमाळा तालुक्याचे गाव खरे, कमलाभवानीच्या देवळामुळे नावाजलेले, पण गाडी तिकडे जात नाही. करमाळ्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर आधी जेऊर गाठावे लागते. मी या गावी मास्तरकी केली, इथेच निवृत्त झालो. जन्म मात्र इथला नव्हे. जन्मलो ते गाव भीमेच्या काठी होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की लगेच विचारतात, "एक नंबर की दोन नंबर?"

ही नंबरांची भानगड परक्या माणसाला उमजत नाही. आमच्या भागात वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन आहेत. केत्तूर एक आणि केत्तूर दोन आहेत. चिखलठाणाचेही तसेच. एसटीच्या पाटीवर हे आकडे पाहून नवखा प्रवासी समजतो की ही कुठल्या तरी कारखान्याची वसाहत असावी. ही पिढ्यान् पिढ्यांची गावे आहेत. धरण आले, लोक उठले. ज्यांना जिथे जागा मिळाली तिथे ते बसले आणि एका गावाची दोन-तीन गावे झाली. नाव सर्वांनाच हवे होते. मग सरकारने नाव सर्वांना दिले आणि वर एकेक आकडा दिला.

मंडळी सकाळच्या गाडीने उतरली. भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक नागपूरकडचा मुलगा. पोहे खाऊन होतात न होतात तोच त्यांनी ओसरीवर उपग्रहावरून काढलेला नकाशा पसरला. नकाशा सुरेख होता. रस्ते पिवळे, उसाचे मळे हिरवे आणि मधोमध एक भला मोठा, फाटक्या पानासारखा निळा डाग. कोपऱ्यात खुणांचा तक्ता होता. निळ्या रंगापुढे लिहिले होते : जलाशय.

मी त्या निळ्यात बोट ठेवले आणि म्हणालो, "हे आमचे घर."

चौघेही माझ्याकडे पाहात राहिली. भाचीला ही गोष्ट ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि मामाचे बोट निळ्यात बुडालेले पाहणे यात थोडे अंतर आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले.

उजनीच्या धरणाची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि १९८० साली धरण पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. एकंदर साठा ११७ टीएमसीच्या आसपास. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त पाणी दरवाजांच्या खाली. त्यामुळे आमच्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात एक चमत्कारिक मथळा असतो : उजनी उणे वीस टक्के, उणे तीस टक्के. मी गणिताचा मास्तर. उणे संख्या शिकवताना पोरांना कर्जाचे उदाहरण द्यावे असे पुस्तकात असते. आमच्याकडे त्याची गरज पडत नाही. उणे पाणी प्रत्येकाने पाहिलेले आहे. त्यात मोटार टाकून ऊसही भिजवलेला आहे.

योगायोग असा की महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदाही १९६६ चाच. हे मला भाचीने सांगितले. म्हणजे ज्या वर्षी या राज्याने नियोजनाचा मोठा कायदा केला, त्याच वर्षी आमच्या नदीवर पायाचा दगड बसला. मात्र धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. तोवर धरणाचे काम दहा वर्षे चालले होते. "क्रम उलटा झाला, मामा," असे भाची म्हणाली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या मागे जाऊन टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो १९२१ साली. क्रम कुठला असावा हे सांगणारी माणसे तेव्हाही होती, असे मी तिला म्हटले.

ती मंडळी आली तो जूनचा पहिला आठवडा होता आणि त्या वर्षी धरण फारच खाली गेलेले. उणे साठ टक्क्यांच्या आसपास. पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले होते. माणसे मोटारी करून पाहायला येत होती. आमच्या गावाला पाहण्यासारखे देऊळ नव्हते, त्यामुळे तिकडे कोणी फिरकले नाही. मी पोरांना तिकडे नेले. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा खच, मधून मधून जोत्यांच्या ओळी. मी पुढे चाललो होतो आणि सांगत होतो : ही वेस, हा पार, ही चावडी, हे देशपांड्यांचे, हे आमचे. आमच्या घराचे जोते दोन हात उंच आहे अजून. उंबऱ्याचा दगड जागेवर आहे. मी अकरा-बारा वर्षांचा असेन घर सोडले तेव्हा. आईने निघताना चूल सारवली होती. बुडणाऱ्या घरातली चूल कशाला सारवायची, असे वडील म्हणाले, ते आठवते.

नागपूरकडच्या मुलाने फीत काढून जोते मोजले. मला आधी राग आला. मग वाटले, मोजू दे. आमचे घर एवढ्या आस्थेने आजवर कुणी मोजलेले नव्हते. भरपाईसाठी ज्यांनी मोजले त्यांना घाई होती.

पोरे शिकली आहेत ती पाट्रिक गेडिस या गृहस्थाच्या परंपरेत. हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि इथल्या शहरांत पायी हिंडत राहिला. १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचे म्हणणे सोपे होते. आधी पाहणी करा, मग योजना करा. शहराच्या जुन्या वस्तीवर नांगर फिरवू नका, दुखतो तेवढाच भाग हलक्या हाताने कापा. मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा १९१५ चा, देशातला पहिला; पण गेडिस कागदी आराखड्यांवर फारसा खूश नसे. आपल्याकडे धनंजयराव गाडगिळांनी पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी केली ती याच शिस्तीने, घरोघर जाऊन. शहरांच्या नशिबी गेडिस आणि गाडगीळ आले. खेड्यांच्या नशिबी बहुधा साखळी आणि खुंट्या घेतलेला माणूस येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या गावठाणात गेलो. आता नवे म्हणायचे ते सवयीने. त्यालाही पन्नास वर्षे होत आली. गावठाण बुद्धिबळाच्या पटासारखे आहे. सरळ रस्ते, काटकोन, सारखे भूखंड. मुलींना ते फार आवडले. मी त्यांना त्यातल्या अडचणी सांगू लागलो, आणि कबूल करतो, जरा रंगूनच सांगू लागलो. भूखंडात माणसांची जागा धरली, जनावरांची धरली नाही. त्यामुळे म्हशी रस्त्यात. खळ्याला जागा नाही. रस्ता सरळ, म्हणून फाल्गुनातला वारा माळावरून निघतो तो थेट चुलीपर्यंत येतो. जुन्या गावात त्याला सात वळणे घ्यावी लागत. देवाची पालखी जुन्या गावात निघाली की फिरून यायला रात्र सरे. नव्या गावात ती पाव तासात परत देवळाशी आली. पहिल्या वर्षी मानकरी एकमेकांची तोंडे पाहू लागले. शेवटी दुसरा फेरा घेतला. तेव्हापासून आमची पालखी दोन फेरे घेते, आणि आताच्या पोरांना वाटते की ही पुरातन रीत आहे.

पोरे हसली, वहीत लिहून घेऊ लागली. एका ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते ऐकत होते. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. जुन्या गावात त्यांची वस्ती वेशीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला असे. ते म्हणाले, "मास्तर, समदं सांगितलंत. योक ऱ्हायलं."

"काय राहिले?"

"गाव तुमचं बुडालं. आमचा खालच्या अंगाचा पाणवठा बुडाला. मी काय त्या दिशी रडलो न्हाई."

मग त्यांनी पोरांना सांगितले. जुन्या गावात वरच्या अंगाला बाकीच्यांचा पाणवठा आणि खाली यांचा. वरून गुरे धुतलेले, कपडे धुतलेले पाणी खाली येई, ते यांनी भरायचे. पालखी सात वळणे घेई; त्यातले एकही वळण यांच्या आळीत येत नसे. नव्या गावठाणात भूखंडांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीला जात कळत नाही. यांचा भूखंड मोठ्या रस्त्यावर आला, देवळापासून चौथा. काहींनी अदलाबदलीसाठी खटपट केली, वर पैसे देऊ केले. यांनी दिला नाही. "सरळ रस्ता मास्तरास्नी आवडत न्हाई," ते मुलींना म्हणाले, "मला लई आवडतो. हितनं थेट देऊळ दिसतंय."

मी काय बोलणार? अर्धा तास मी ज्या सात वळणांचे कौतुक करीत होतो, त्यांच्यापैकी एकाही वळणावर हा माणूस उभा राहिलेला मी पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही हे आजवर माझ्या लक्षातही आले नव्हते. पोरांच्या वह्या क्षणभर थांबल्या. मग भाचीने पान उलटले आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसली. जुन्या गावाचा त्यांना आठवतो तसा नकाशा तिने त्यांच्याकडून काढून घेतला. त्यात आमचे घर एका कोपऱ्यात, बारीकसे आले. नकाशाच्या मध्यावर पाणवठा होता.

म्हाताऱ्यांनी नव्या गावाचे गोडवेच गायिले असे समजू नका. स्मशानभूमी अजून नीट नाही, शेड आहे तर रस्ता नाही. मुले वाढली, एका भूखंडात तीन बिऱ्हाडे झाली, गावठाण मात्र तेवढेच. पुनर्वसित गावाला अठरा नागरी सुविधा द्याव्यात असा नियम आहे. ते अठरा त्यांनी बोटांवर मोजून दाखवले आणि प्रत्येक बोटागणिक एकेक शेरा मारला. तो मी छापायला देत नाही.

तिसऱ्या दिवशी कुगावला गेलो. तिथे जाणे भागच होते. कुगाव आमच्या काठाला, समोर पाण्यापलीकडे इंदापूर तालुक्यातले कळाशी, शिरसोडी. पूर्वी मध्ये नदी होती, उन्हाळ्यात पायउतार. आता मध्ये समुद्रासारखे पाणी. सड्याने जायचे तर इकडून टेंभुर्णीकडे उतरायचे, नाही तर वर डिकसळच्या पुलाकडे वळायचे. हा डिकसळचा पूल मूळचा रेल्वेचा, इंग्रजी अमदानीतला. धरणाच्या पाण्यामुळे लोहमार्ग हलला, नवा पूल झाला आणि आगगाडीचा जुना पूल मोटारींच्या वाट्याला आला. एवढा वळसा कोण घालणार? म्हणून लोक होडीने जात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली अशीच एक होडी वादळात सापडून उलटली. सहा माणसे बुडाली. आम्ही गेलो तेव्हा त्याला दोन आठवडेच झाले होते. होड्या काठाला ओढून ठेवलेल्या. काठावर कोणी फारसे बोलत नव्हते. आमच्या पोरांनीही प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढली नाही.

कुगाव ते शिरसोडी असा पूल मंजूर झाला आहे. धरण पुरे झाल्यापासून चाळीसहून अधिक वर्षे दोन्ही काठांची माणसे होडीने ये-जा करीत होती, आणि ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती असे नाही. धरणाचा नकाशा काढताना पाणी कुठवर येईल याची रेषा अचूक काढली होती. त्या रेषेच्या अलीकडच्या मुलीचे माहेर पलीकडे असेल, ही गोष्ट नकाशात बसत नव्हती.

परतताना काठावरून चालत होतो. पाणी कमी, त्यामुळे हिरवट दिसत होते आणि वास येत होता. मुलींपैकी एक नाकाला ओढणी लावून म्हणाली, "हे कशाचे?" मी उत्तर दिले नाही. नागपूरकडचा मुलगा हळूच म्हणाला, "मुळा-मुठेचे." पुण्याचे सांडपाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि भीमेतून इथे येते, हे त्यांच्या पुस्तकात आहे. त्यातले शुद्ध किती होते आणि न होता किती येते याचे तक्तेही आहेत. पण त्या मुलींचे वसतिगृह पुण्यातच, आणि पाणी पुढे सोलापूरला नळाने जाते, पंढरपूरच्या वारकऱ्यांच्या पायांखालून जाते. वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हा म्हाताऱ्यांच्या ओट्यावरचा हिशेब आता शंभर-दीडशे किलोमीटर लांब झालेला होता. तो भाचीच्या ध्यानात आला असावा. कारण संध्याकाळी तिने निबंधाचे मूळचे नाव खोडले. मूळ नाव इंग्रजी आणि दीड ओळीचे होते. नवीन नाव तिने मराठीत लिहिले : खालच्या अंगाला.

मी म्हटले, "अधिवेशनात मराठी चालेल का?"

"खाली इंग्रजी लिहीन," ती म्हणाली.

पावसाळा सरल्यावर चौघे पुन्हा आली. या वेळी मीच आग्रह धरला होता. म्हटले, आमच्यावर लिहिता आहात तर आधी आम्हाला वाचून दाखवा, मग जगाला. शाळेच्या पडवीत बैठक भरली. पडद्याऐवजी धोतर टांगले. पन्नासेक माणसे आली, त्यांतली बरीच गंमत म्हणून. भाचीने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला पहिली दुरुस्ती आली. मारुतीचे देऊळ नकाशात पूर्वेला होते ते एकाने उत्तरेला ढकलले. दुसऱ्याने त्याला विरोध केला. दोघे म्हातारे, दोघांचीही स्मरणशक्ती पक्की, आणि देऊळ पाण्याखाली. निकाल कसा लागायचा? तासभर वाद चालला. वाचायला बारा मिनिटांचा असलेला निबंध त्या रात्री साडेतीन तास चालला. अधिवेशने होत असतील मोठमोठी. पण इतक्या अधिकाराने चर्चा करणारा श्रोता त्यांना मिळत असेल असे वाटत नाही.

सूचना निघाल्या त्याही तिथेच. गावठाणवाढीची जागा माळाच्या बाजूला मागावी, ओढ्याच्या बाजूला नको. गोठ्यांसाठी गावाबाहेर एक सामायिक पट्टा. पूल होईस्तोवर प्रत्येक होडीत माणशी तरंगता अंगरखा असल्याशिवाय होडी सोडू नये. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याला 'आमचं गाव, आमचा विकास' असे नाव आहे. तर तो आराखडा करताना नकाशा भिंतीवर लावावा, कपाटात ठेवू नये. ही शेवटची सूचना एका बाईंची. त्या म्हणाल्या, "आमचं गाव म्हन्तात, आन् कागूद कपाटात!"

अधिवेशनाच्या रात्री भाचीचा फोन आला. मी वाटच पाहात होतो.

"कसे झाले?"

"मामा, बाराव्या मिनिटाला घंटा झाली. सूचना राहिल्याच."

"मग वाचलेस काय?"

"पाणवठा. तो नकाशाच जास्त वेळ दाखवला. एका प्राध्यापकांनी विचारले, ह्याला प्रमाण काय? मी म्हटले, मोजमापाने नाही, आठवणीने काढला आहे. ते म्हणाले, मग प्रमाण नाही. मागच्या बाकावरून एक ओडिशाची मुलगी उठली आणि म्हणाली, आमचे गाव हिराकूडमध्ये आहे, आमच्या आजोबांनी असाच काढला होता. मग वेळ संपली."

नकाशाची एक प्रत तिने आमच्याकडे पाठवली. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली आहे. परवा तिथे गेलो होतो, तर ते म्हातारे गृहस्थ काठी टेकून नकाशापुढे उभे. मला म्हणाले, "मास्तर, पेन्शील हाय का?" मी दिली. त्यांनी आपला पाणवठा खोडला आणि बोटभर खाली, नदीच्या आणखी खालच्या अंगाला काढला. मग पेन्सिल परत देताना म्हणाले, "पोरीनं भिडंखातर वर घेतला व्हता. तवढा वर नव्हता."